सतरा एकांचा माणूस

आमच्या नाट्यगृहात डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल होतं. त्यावर पडदा ओढणारा बसायचा. उजव्या हाताशी पडद्याचा दोर, मांडीवर फळी, फळीवर जुन्या खेळाची जाहिरात पालथी घातलेली आणि डोक्याशी निळा कागद गुंडाळलेला छोटा दिवा. मी रंगमंचावर मरत असो, लग्न करत असो की सिंहासनावरून पायउतार होत असो, हा गृहस्थ मान खाली घालून भागाकार करत असे. नाटक तो कानांनी बघायचा. डोळे त्याने दुसऱ्या कामाला लावले होते. अठ्ठावीस वर्षांत त्याचा पडदा एकदाच चुकला, आणि तो माझ्यापायी.

त्याला सगळे 'सतराएके' म्हणत. हजेरीपत्रकात दुसरं काही नाव असेल, पण नव्या पोरी मेकअपला बसल्या की त्याही पहिल्या आठवड्यात विचारायच्या, "सतराएके काका कुठायत?" नाव पडलं होतं ते त्याच्या संख्येवरून. सतरा वेळा एक लिहायचा, बस्स. शाळेत शिकलोय तसं एकं, दहं, शतं करत वर चढा. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व ओलांडा. महापद्म, शंकू, जलधी, अंत्य मागे टाका आणि 'मध्य' या घरात थांबा. परार्ध एक पायरी वर राहतो. खालपासून वरपर्यंत प्रत्येक घरात एकच पाहुणा, आणि तो म्हणजे एक.

"राजे," तो मला म्हणायचा, मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून, "तीन एक घे. एकशे अकरा. तुटतो का?"

"मला काय विचारतोस? माझी वाक्यं मध्येच तुटली नाहीत तरी मी देवाचे आभार मानतो."

"सदतीस त्रिक एकशे अकरा. तुटला. सात एक घे. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. तुटले. अकरा एक तुटतात. तेरा एकांचे तर तीन तुकडे होतात. मग सतरांनीच काय घोडं मारलंय?"

हा त्याचा प्रश्न. सतरा एकांची ही संख्या दोन तुकड्यांत मोडते, की मोडतच नाही? शाळा सातवीत सुटलेला माणूस, पण त्याने नुसतं आंधळेपणाने भागायला सुरुवात केली नव्हती. सात एकांच्या प्रत्येक तुकड्यातून एक वजा केला की उरलेलं चौदाने पुरतं भागलं जातं, हे त्याला एका तालमीत दिसलं. अकरा एकांच्या तुकड्यांतून एक काढला की बावीसने भागलं जातं. तेरांच्या तुकड्यांतून एक काढला की सव्वीसने. म्हणजे सतरांचा तुकडा असलाच, तर त्यातून एक काढल्यावर चौतीसने भागलं गेलं पाहिजे. बाकीच्या संख्यांकडे बघायचंसुद्धा कारण नाही.

पहिल्या रांगेत नेमाने येणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना त्याने हे विचारलं. ते चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे हो. याला सिद्धताही आहे. आणि तुमच्या संख्येचं उत्तरही कुठल्याशा पुस्तकात असणार. शोधून देऊ?"

याने हात जोडले. "नको साहेब. बसलेल्या प्रेक्षकाला शेवट सांगू नये."

तो रोज तीन भागाकार करायचा. दोन खेळ चालू असताना, एक सकाळी घरी. प्रत्येक भाजकाला एक कागद, कोपऱ्यात तारीख. भरलेले कागद शंभरा-शंभराच्या गठ्ठ्यांत बांधून तो कपडेपटातल्या रिकाम्या पेटाऱ्यांत ठेवायचा. कागदाच्या एका बाजूला मी तलवार उपसून उभा, दुसऱ्या बाजूला त्याच्या पायऱ्या पायऱ्यांनी उतरणाऱ्या वजाबाक्या. माझ्या जाहिरातींचा इतका सदुपयोग मी स्वतःही कधी केला नाही.

यात त्याची बायको निम्म्याची भागीदार होती. मी तिला वहिनी म्हणायचो. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. उंच, सडपातळ, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पोराने आपोआप पाय जवळ घ्यावेत. कुठल्या संख्येने भागून बघायचं त्याची यादी तिची. त्या संख्या दुसऱ्या कशानेही तुटणाऱ्या नसाव्या लागत, आणि त्या निवडून काढायला तिने मोठ्या वह्या आखल्या होत्या. भागाकार त्याचा, आणि ताळा पुन्हा तिचा. ताळा नवाचा. संख्येतले आकडे मिळवायचे, नऊ झाले की सोडून द्यायचे, उरेल तो अंक धरायचा. भाजकाचा अंक गुणिले भागाकाराचा अंक, त्यात बाकीचा अंक, हे सगळं सतरा एकांच्या अंकाशी, म्हणजे आठाशी, जुळलं की कागद बरोबर. मग ती लाल पेन्सिलीने खाली एक बारीक खूण करायची.

"माझ्या हातून एक वेळ माणूस सुटेल भाऊजी," ती म्हणायची, "चूक सुटायची नाही."

"माणूस सुटला असता तर बरं झालं असतं," तो आतून ओरडायचा. "तेहतीस वर्षं झाली, धरून ठेवलंय."

त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. मीही बोलणार नाही.

दहा-बारा वर्षं अशी गेल्यावर तो दाराच्या चौकटींवर आपटू लागला. आधी आम्ही हसलो. मग एकदा शेजारी ठेवलेला चहाचा कप त्याच्या कोपराने उडाला आणि तो म्हणाला, "इथे कप होता?" कप त्याच्यापासून वीतभर लांब होता. वहिनी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. काचबिंदू निघाला. नजर कडांनी विझत आली होती. गेलेली परत येणार नव्हती. राहिलेली थेंबांनी लांबवता आली तर आली. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष सांगितलं.

तो परत आला तो सरळ विंगेत येऊन स्टुलावर बसला. मी शेजारी उकिडवा बसलो.

"दोन्ही बाजूंनी येतोय राजे," तो म्हणाला. "मधली फट राहिलीय तेवढी."

"मग हे भागाकार बंद कर. डोळ्यांना विश्रांती दे."

"विश्रांती देऊन काय लोणचं घालू त्यांचं?" तो चिडला. मग त्याने पडद्याच्या दोराला बोट लावलं. "शून्य असेल तर ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. कुणी वाचून दाखवलेलं नको. नंतर म्हणाल, काका, आलं हो शून्य. मी म्हणेन, आलं का, वा वा. तसलं नको मला."

त्या दिवसापासून त्याने तिनाचे चार कागद करायचा प्रयत्न केला आणि दोनांवर आला. आकडे लिहिताना मान पाखरासारखी हलवायचा, कारण ओळीचा एकच तुकडा त्याला एका वेळी दिसे. वहिनी समोर बसून लाल पेन्सिलीने खुणा करत राही.

आणि याच सुमारास तिच्या शाळेत नव्या आलेल्या एक गणिताच्या बाई, मधल्या सुट्टीत चहा पिता पिता, सहज बोलून गेल्या. मुलं उत्तर उतरवताना आकडे उलटे टाकतात आणि नवाच्या ताळ्यात ते सापडत नाही, अशी त्यांची तक्रार. बरोबरच होतं. सव्वीसचे बासष्ट झाले तरी दोन आणि सहा मिळून आठच. "मी तर बाई अकराचाच ताळा घेते," त्या म्हणाल्या. अकराच्या ताळ्यात आकडे नुसते मिळवत नाहीत. उजवीकडून एक मिळवायचा, पुढचा वजा, पुढचा मिळवायचा, पुढचा वजा. शेजारच्या दोघांनी जागा बदलली की ताळा लगेच बोंब मारतो.

वहिनीने मला निरोप पाठवला. मी शाळेत गेलो तेव्हा वर्ग सुटलेला होता आणि ती लहान मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसली होती.

"भाऊजी, पेटारे तुमच्या ताब्यात आहेत ना? रोज एक गठ्ठा आणाल? यांना कळू न देता."

"काय झालं?"

"तेरा वर्षं मी एका डोळ्याने बघत होते," ती म्हणाली. "दुसऱ्याने बघायचंय."

पाच महिने आमचा तो उद्योग चालला. मी तेव्हा म्हाताऱ्यांच्या लहान भूमिका करायचो, दुपार मोकळी असे. मी आकडे खणखणीत वाचायचो, ती ओठांत मिळवायची, वजा करायची. दिवसाला साठ-सत्तर कागद. एकही चूक निघेना. मला वाटलं, बाईने उगाच जिवाला घोर लावून घेतला. गठ्ठे कमी होत गेले तशी ती थोडी हसूही लागली. "यांचा हात तसा स्वच्छ," ती म्हणे, जशी काही नवीनच ओळख झाली होती.

साडेनऊ हजारांच्या पुढच्या एका कागदावर ती थांबली.

"पुन्हा वाचा."

मी वाचला. भाजक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

"पुन्हा."

"वहिनी, तीनदा झालं."

"शेवटी एक उरायला हवा. काहीच उरत नाही."

तिने उठून फळ्यावर तो भागाकार स्वतः मांडला. चौथ्या बाकीला चार लाख साठ हजार सहाशे बासष्ट यायला हवे होते. कागदावर होते चार लाख सहासष्ट हजार बासष्ट. शून्य आणि सहा यांनी जागा बदलल्या होत्या. तिथून पुढचं सगळं त्या चुकीच्या वाटेने निमूट चालत गेलं होतं, शेवटी दहा लाखांवर बाकी दाखवून, आणि खाली लाल पेन्सिलीची खूण होती. वहिनी फळ्यावर बरोबर वाटेने खाली उतरत गेली. शेवटच्या पायरीला वरचा आकडा आणि खालचा आकडा अगदी सारखा आला. तिने शून्य काढलं नाही. खडू तसाच धरून उभी राहिली.

मी कागदाची तारीख बघितली आणि ओळखली.

चार वर्षांपूर्वीचा दुपारचा खेळ. मी न्यायाधीश होतो. आरोपीला शिक्षा सुनावायची, अंक संपवायचा. मी उठलो, हात वर केला, आणि डोक्यात काही नाही. एक अक्षर नाही. आतून वाक्यं सांगणारा पाठीमागे कुणाशी तरी कुजबुजत होता. ती शांतता मला अजून ऐकू येते. ती त्यालाही ऐकू आली, कारण तो नाटक कानांनी बघायचा. त्याने दोर सोडला. पडदा इतक्या डौलात आला की लोकांना वाटलं, शिक्षा न सांगणं हाच शेवट आहे, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आत व्यवस्थापक लालबुंद होऊन धावत आले तेव्हा तो म्हणाला, "दोर निसटला साहेब." सगळ्यांसमोर त्याने बोलणी खाल्ली. मी मुंडासं काढून गप्प उभा राहिलो.

कागदावर पहिल्या तीन पायऱ्या कातीव होत्या. चौथीपासून ओळ जराशी तिरकी आणि पेन्सिलीचं टोक बोथट.

"वहिनी, हे माझ्यामुळे झालंय," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "त्यानंतर जवळजवळ तीन हजार कागद झाले," ती म्हणाली. "चार वर्षं. त्यांचे शेवटचे धड डोळे."

"निदान आता तरी सांगू. त्याला शून्य हवंय, ते आहे आपल्याकडे."

"शून्य दाखवायचं तर त्याच्या शेजारी ती चार वर्षंही दाखवायला लागतील. खूण माझी आहे भाऊजी. यांनी विश्वास टाकला होता त्या खुणेवर."

"उद्या सांगा."

"उद्या सांगते."

उद्या झालं नाही. मी रोज विचारायचो, ती रोज मान हलवायची. सकाळी तो मान हलवत हलवत नवा कागद पुरा करी, टेबलावरून तिच्याकडे सरकवी, आणि ती आता दोन्ही ताळे घेऊन खूण करी. अकराव्या दिवशी त्याला सहा आणि शून्य यांतला फरक ओळखायला कागद नाकाशी न्यावा लागला. तेव्हा तिचा धीर सुटला. "तुम्हीच काहीतरी करा," ती म्हणाली. "माझ्या तोंडून नाही निघत."

आणि मी काय करणार? मी नट माणूस. मला गोष्ट मोठी केल्याशिवाय करता येत नाही.

दुसरा दिवस आठवड्याच्या सुट्टीचा, सकाळची वेळ. सुताराला हाताशी धरून मी सेटचे चार प्लायवूडचे फलक काळे रंगवले आणि रंगमंचावर उभे केले. वर सतरा एक लिहिले, एकेक हातभर उंच. सगळे दिवे लावले. अधू डोळ्यांना अक्षर मोठं हवं, एवढी अक्कल मी चालवली होती. वहिनी त्याला हाताला धरून विंगेतून घेऊन आली आणि फलकांसमोर उभं केलं.

तो मान हलवत राहिला. खाली, वर, डावीकडे. "काय आहे हे? भिंतीला चुना लावलाय?"

त्याची नजर नळीतून बघावी तशी झाली होती. हातभर उंचीच्या एकाचा त्याला फक्त मधला एक पट्टा दिसत होता. मी जितकं मोठं लिहिलं, तितकं त्याच्यापासून लांब नेलं होतं. पण त्याच्या ते ध्यानात आलं. "राजे, मला मागे ने," तो म्हणाला. "अगदी मागे."

आम्ही त्याला सव्विसाव्या रांगेत नेऊन बसवलं. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने आपलं नाट्यगृह समोरून पाहिलं नव्हतं. लांबून ते सगळे एक त्याच्या फटीत मावले.

"सतरा आहेत," त्याने मोजून सांगितलं. "आणि बाजूला भाजक… वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस." तो थांबला. "हा होऊन गेलाय."

वहिनी रंगमंचावर खडू घेऊन उभी होती.

"होऊन गेलाय हा," तो पुन्हा म्हणाला. "मला आठवतोय."

"पुन्हा करा," ती तिथूनच म्हणाली. शाळेतला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

त्याने खुर्चीचे हात धरले. मग एकेक आकडा सांगू लागला. "पाचाने घे. वजा कर. सात, पाच, दोन, चार, नऊ, सहा." ती लिहीत गेली. त्याचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून जात होता, न चढता, न उतरता. चौथ्या बाकीला त्याने सांगितलं, "चार, सहा, शून्य, सहा, सहा, दोन." तिचा खडू थांबला. "लिही की," तो म्हणाला. तिने लिहिलं. पुढच्या सहा पायऱ्या. शेवटी सात आले, आणि सातांनी गुणून आलेला आकडा वरच्या आकड्याखाली जाऊन बसला, अक्षराला अक्षर.

तिने शून्य काढलं.

तो बघत राहिला. मी त्याच्या शेजारी होतो. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, "दुसरा तुकडा पाच अब्ज छत्तीस कोटींवर आहे. त्याला तपासायची गरज नाही. तो तुटत असता तर त्यातला एखादा तुकडा त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांच्या आत असता. आणि तोच सतरा एकांचाही तुकडा असता. ते तर पहिल्या साडेचारशे कागदांत झालं." मग, "संपलं म्हणायचं."

"संपलं," मी म्हणालो.

"कुठल्या तारखेचा कागद?"

मी तारीख सांगितली. न्यायाधीशाचा खेळ, दोर, सगळं सांगितलं. त्याने हात झटकला. "पेन्सिल पडली होती खाली, आठवतंय. मग? पडदा पाडणं माझं कामच आहे. तुला तिथे तसाच उभा ठेवायचा होता का?" चार वर्षं त्याने एका वाक्यात मला सोडून दिली. मला रडू आवरेना, आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता. रंगमंचाकडे बघून त्याने विचारलं, "अगं, हे सापडलं कधी?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवसांत मी किती कागद केले?"

"एकोणीस."

"तू तपासलेस?"

"तपासले."

"बरोबर होते?"

"सगळे बरोबर होते," ती म्हणाली.

तो उठला. खुर्च्यांच्या पाठींना हात लावत लावत रांगेतून बाहेर पडला आणि दाराकडे निघाला. वहिनी धावत खाली आली, तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. भिंतीला खांदा घासत तो एकटा बाहेर गेला, आणि ती चार पावलं मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. तो टेबलाशी बसला होता, समोर काही नाही. ती स्वयंपाकघरात.

"हिला सांग," तो मला म्हणाला, "मी रागावलेलो नाही."

"मला ऐकू येतंय," आतून आवाज आला.

"तुला नाही, याला सांगतोय. पेन्सिल पडली, चूक झाली, खूण झाली, त्याचं काही नाही. माणूस चुकतो. पण ही अकरा दिवस समोर बसली. मी नाक घासून घासून आकडे लिहितोय, आणि हिला माहीत आहे. मला दिसत नाही हे मला कळतं राजे. पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, हे मला काल कळलं."

वहिनी बाहेर आली. तिने पदराला हात पुसले आणि समोरच्या खुर्चीवर, जिथे ती तेरा वर्षं बसायची तिथे, बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"एकोणीस एक," ती म्हणाली.

"काय?"

"एकोणीस एकांचं काय? तुटतात का?"

"वेड लागलंय तुला. त्याला दोन जन्म पुरायचे नाहीत. आणि डोळे?"

"माझे आहेत. भागाकार मी करीन. तुम्ही ताळा घ्या, तोंडी. नवाचा आणि अकराचा, दोन्ही."

ती उठली, कपाटातून एक जुनी जाहिरात काढली, पालथी घातली आणि पेन्सिलीला टोक केलं. मला वाटलं तो उठून जाईल. तो म्हणाला, "एकोणीस, म्हणजे अडतीसने. पहिला न तुटणारा एकशे एक्याण्णव." ती लिहू लागली. तिचा हात त्याच्यासारखा चालत नव्हता. मध्ये मध्ये अडत होता, एकदा खोडरबरही फिरला. तो टेबलाच्या कडेला बोटं टेकून पेन्सिलीचा आवाज ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "बाकी चौऱ्याऐंशी."

"भागाकाराचे आकडे सांग."

"सांगते. त्याआधी एक सांगायचंय. मधल्या एका पायरीला मी सहाच्या जागी नऊ लिहिला होता. मग खोडून सुधारला."

"मला दिसलं नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगितलं."

त्याने मान तिच्याकडे वळवली आणि तिचा चेहरा सापडेपर्यंत ती थोडी थोडी हलवत राहिला. मग म्हणाला, "हं. सांग आकडे. उजवीकडून."